बेचाळिसावी सूचना

या, असे जवळ सरका. खिडकीशी बसलेल्यांनीही या, वारा इकडेही येतो. आज तुम्हांला अशा एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्याला एका बेटाबद्दल जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहिती होती आणि ज्याने ते बेट कधी पाहिलं नव्हतं. हसू नका. न पाहिलेल्या गोष्टींबद्दल आपणही पुष्कळ बोलतो. परलोकाबद्दल तर रोज बोलतो, आणि तिथून तर कुणी फॉर्म भरायलासुद्धा परत आलेलं नाही.

या माणसाला सगळे चौकशीकाका म्हणत. प्रवासी कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. खिडकीच्या काचेला अर्धगोल भोक होतं, पण ते होतं हनुवटीच्या खाली. त्यामुळे समोरच्याला ऐकू जावं म्हणून काका मान डावीकडे वाकडी करून बोलत. सव्वीस वर्षांत मानेला ती जागा आवडली. घरी काकूंनी नुसतं "भाजी कुठली करू?" विचारलं तरी काका मान वाकडी करूनच उत्तर देत आणि शेवटी म्हणत, "आणखी काही चौकशी?"

बेट लहान. बंदरापासून बोटीने सात तास. आठवड्यातून एकच बोट, गुरुवारची, तीही वाऱ्याचा मूड असेल तर. उन्हाळा घामाचा, हिवाळा नुसत्या वाऱ्याचा, वस्ती दोनशेच्या आतबाहेर, रस्ता एक, दुकान एक, फोन लागला तर लागला. अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी कचेरीने एक पत्रक काढलं होतं, 'बेटावर जाणाऱ्या प्रवाशांसाठी व्यवहारोपयोगी सूचना'. हे पत्रक म्हणजे काकांचं आयुष्यभराचं काम. त्यात एक्केचाळीस सूचना होत्या. कागदाच्या आठ घड्या. एकदा उघडला की तो पुन्हा मूळ घडीवर आणायला दोन माणसं आणि एक टेबल लागे.

आता या सूचना आल्या कुठून? इथे नीट लक्ष द्या, पुढचं सगळं यावर आहे. बेटावरून परतलेल्या प्रवाशाला कचेरीत एक फॉर्म भरावा लागे. भरल्याशिवाय जमा केलेलं ओळखपत्र परत मिळत नसे. फॉर्मला रकाने तीन. नाव, तारीख आणि तक्रार. प्रवासी तक्रार लिहायचा, काका ती वाचायचे आणि तिची सूचना करायचे. एकाने लिहिलं, पाणी वेगळं लागलं. झाली सूचना सात: पिण्याचे पाणी स्वतःचे न्यावे. एकाची चप्पल लाटेबरोबर गेली. सूचना नऊ: समुद्रात पाय घालू नयेत. एकाची छत्री उलटली. सूचना बारा: छत्र्या दोन न्याव्यात. एकाच्या मागे कोंबडा लागला होता, त्याची सतरावी झाली. पुढे एका वजनदार गृहस्थांच्या पाठीत इतकं सामान वाहून उसण भरली, तर त्यांच्यामुळे तिसावी: सामान कमीत कमी असावे.

वाढत होतं, कमी मात्र काहीच होत नव्हतं. कारण साहेबांचं म्हणणं असं की, "छापलेलं खोडायचं नाही. खोडलं की आधी चुकलो होतो असं दिसतं."

कधीमधी एखादा फॉर्म यायचा, त्यात तक्रारीच्या रकान्यात 'तक्रार नाही' असं लिहिलेलं असायचं. असा फॉर्म काका ठेवून घेत नसत. त्यावर 'अपूर्ण' असा शिक्का मारून, खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात 'तक्रार स्पष्ट लिहावी' असा शेरा देऊन ते तो पोस्टाने परत पाठवत. रकाना तक्रारीचा आणि माणूस लिहितो तक्रार नाही, म्हणजे त्याने फॉर्म नीट वाचलेलाच नाही, हे उघड आहे.

तर अशा प्रकारे, बाबांनो, काकांच्या डोक्यात एक बेट तयार झालं होतं. तिथे पाणी कडू, वारा दुष्ट, कोंबडे खुनशी आणि समुद्र चप्पलचोर. आणि त्या बेटाबद्दल काका छातीवर हात ठेवून सांगत, "मला डोळे बांधून सोडा, मी सगळं बेट फिरून येतो."

काकू हे सव्वीस वर्षं ऐकत होत्या. त्या शिवणकाम करत. पायाने चालवायचं मशीन, घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लावून. सगळ्या गल्लीचे परकर, पडदे, शाळेचे गणवेश त्या मशीनखालून गेले होते. तीस वर्षं पाय खालीवर करून गुडघे इतके झिजले होते की जिना चढताना ते काकूंच्या आधी बोलत. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पुढच्या महिन्याची. त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"मला त्या तुमच्या बेटावर जायचंय."

"कशाला?"

"खडकावर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे. तीस वर्षं हे पाय मशीन मारतायत. डॉक्टर कापायच्या आधी एकदा त्यांना समुद्र दाखवते."

काकांनी मान वाकडी केली. "नऊ नंबर."

"मी तुमच्या खिडकीत आलेली नाहीये," काकू म्हणाल्या. "मी तुमची बायको आहे."

काकांनी हो म्हटलं. म्हणजे, "सगळं पत्रकाप्रमाणे करायचं" या अटीवर हो म्हटलं.

सामान पत्रकाप्रमाणे भरलं. वीस लिटर पाणी. छत्र्या चार, कारण माणसं दोन. मच्छरदाण्या दोन, विजेऱ्या दोन, चप्पल तुटली तर चिकटवायला डिंकाची बाटली (सूचना छत्तीस), बोट नाहीच आली तर म्हणून आणखी आठवड्याचे कपडे. सामानाचे अकरा डाग झाले. अकराव्या पिशवीचा बंद बांधता बांधता काकूंनी विचारलं, "आणि तिसावी?"

"ती मी लक्षात ठेवलीय," काका म्हणाले. "कमीत कमी एवढंच होतंय."

बंदरावर बोटीचा तांडेल उभा होता. मोठा आडदांड माणूस, शब्द मोजके. त्याने अकरा डाग पाहिले, मग काकांकडे पाहिलं.

"घर पाडलं का तुमचं?"

"हे पत्रकाप्रमाणे आहे," काका म्हणाले.

"पत्रकवाले होय," तांडेल म्हणाला आणि पाण्याचे डबे उचलून बोटीत टाकता टाकता पुटपुटला, "बेटावर विहीर आहे, तिचं पाणी साखरेसारखं आहे, आणि ही माणसं शहरातलं नळाचं पाणी बोटीने घेऊन जातात. आमच्या मावशींना हा पत्रक लिहिणारा एकदा भेटायला पाहिजे."

"कोण मावशी?"

"बेटावरचं दुकान त्यांचंच, वरच्या तीन खोल्याही त्यांच्याच. तुम्ही तिथेच उतरणार, दुसरीकडे उतरायला जागाच नाही. अकरा वर्षं झाली, त्या वाट बघतायत त्याची. तेवीस नंबर वाचलाय का तुम्ही?"

काकांनी तेवीस नंबर वाचलेला नव्हता, लिहिलेला होता. तो असा: 'बेटावरील दुकानदार बाई हसत नाहीत. प्रवाशांनी गैरसमज करून घेऊ नये.'

काकांनी मागे वळून पाहिलं. बोट तर बंदर सोडून बरीच पुढे गेली होती.

आणि इकडे काकू. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कामाचा अभिमान मिरवायला बिचारीला जागाच मिळाली नव्हती. आज समोर साक्षात वाचक भेटला. त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "ते पत्रक ना, आमच्या..."

काकांनी त्यांच्या पायावर पाय दिला. त्याच दुखऱ्या पायावर. काकूंच्या तोंडून पुढचे शब्द आलेच नाहीत, दुसराच आवाज आला.

"तुम्ही काय करता काका?" तांडेलाने विचारलं.

थोडा वेळ मिळावा म्हणून काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ मिळाला नाही, पण धंदा मिळाला.

"घड्याळं," ते म्हणाले. "घड्याळं दुरुस्त करतो."

तांडेलाने सुकाणू सोडलं. बोट जराशी तिरकी झाली. "काय सांगता," तो म्हणाला. "बेटावर नऊ वर्षांत घड्याळजी आलेला नाही."

खोटं बोलण्यात हाच ताप आहे. खरं बोललेल्या माणसाकडे कुणी काम आणून देत नाही.

पुढचे पाच तास काकू एकही शब्द बोलल्या नाहीत. बेटाचा धक्का दिसायला लागल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, "बुधवारी दुपारी चारपर्यंत मी गप्प. गुरुवारी पहाटे परतीची बोट आहे. बुधवार चारपर्यंत तुम्ही मला त्या पाण्यापर्यंत नेलंत तर नेलंत. नाहीतर त्यानंतर माझं तोंड आणि मी."

धक्क्यापासून दुकानापर्यंत रस्ता दोन वळणांचा. काका पावलापावलाला चकित होत चालले होते. डाव्या हाताला कोंबड्यांचं खुराडं लागलं, त्यावर ओळीने उघड्या छत्र्या बांधलेल्या, काळ्या, निळ्या, फुलाफुलांच्या. प्रत्येक कोंबडीच्या डोक्यावर स्वतंत्र छत्री. पुढच्या परसात घेवड्याचे वेल मच्छरदाण्यांवर चढलेले. एका घराच्या कुंपणाला तर विजेऱ्यांची झालर होती. सव्वीस वर्षांत काकांनी जे जे न्यायला सांगितलं होतं, ते सगळं प्रवाशांनी नेलं होतं आणि जड झालं म्हणून तिथेच टाकलं होतं.

दुकानाच्या पायरीवर मावशी उभ्या होत्या. उंच, वाळक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. न पाहून करतात काय?

"बघा, बघा," मावशी म्हणाल्या. "सगळे आधी तिथेच बघतात. मी हसले तर म्हणतात पत्रक चुकलं. नाही हसले तर म्हणतात बरोबर आहे. माझं तोंड म्हणजे काय कचेरीचा शिक्का आहे?"

"नाही, नाही," काका म्हणाले.

"एका माणसाने तर माझा फोटो काढला, पुरावा म्हणून. ज्या दिवशी तो पहिला तक्रारवाला आला होता ना, त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. एक दिवस. आणि अकरा वर्षं मी छापून येतेय. तो लिहिणारा मला एकदा दिसू दे."

"दिसला तर?" काकूंनी फार रस घेऊन विचारलं.

"ते तो दिसल्यावर बघू," मावशी म्हणाल्या. "मी घाईची माणूस नाही."

तांडेल मागून अकरा डाग घेऊन आला होता. "मावशी, हे घड्याळजी आहेत."

मावशींनी काकांकडे पुन्हा, नव्याने पाहिलं आणि मागे बोट केलं. भिंतीवर एक मोठं लंबकाचं घड्याळ होतं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. "ते बंद आहे. पण चालू झालं तर तांडेलाला बोटीची वेळ सांगता येईल. सध्या तो कोंबड्यावर चालतो."

शुक्रवारी सकाळी काका खाली उतरले ते, काकूंना पाण्यापर्यंत कसं न्यायचं आणि नऊ नंबर कसा पाळायचा, या विवंचनेत. ओसरीवर चौदा माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात एक घड्याळ. एका म्हातारबुवांनी तर दोन आणली होती, एक त्यांचं आणि एक गेलेल्या भावाचं.

काका बसले. करणार काय? भिंगाच्या जागी चष्मा पुढे ओढला, चाकूच्या टोकाने पहिलं घड्याळ उघडलं आणि आत पाहिलं. आत इतकं काही होतं की त्यांना आपल्या पत्रकाची आठवण झाली.

"काय झालंय त्याला?" म्हातारबुवांनी विचारलं.

"दमट हवा," काका म्हणाले. हे उत्तर त्यांना चौदाच्या चौदा घड्याळांना पुरलं.

दुपारी काकू वहाणा घालून दारात येऊन उभ्या राहिल्या. दुकानाच्या मागून समुद्राचा आवाज येत होता, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. "चला."

"अगं, समोर लोक बसलेत. आणि नऊ नंबर..."

काकू वर निघून गेल्या. शनिवारीही हेच झालं. रविवारी आणखी सहा घड्याळं आली, त्यांतलं एक तर घड्याळ नव्हतंच, वजनकाटा होता. सोमवारी काकू एकट्या निघाल्या, पण दुकानामागची खडकांची उतरण त्या गुडघ्यांना एकटीने जमणारी नव्हती. आठ पावलांवरून त्या परत आल्या. काकांनी ते ओसरीवरून पाहिलं. हातातला स्क्रू त्यांनी तीनदा फिरवला, तोही उलटा.

मंगळवारी मावशींचं भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलं. काकांनी मागची फळी काढली मात्र, आतून एक लांबलचक पितळी कमान सुटली ती ओसरी ओलांडून थेट खुराड्यावर. एका निळ्या छत्रीचं पोट फाटलं. खुराड्यातून कोंबडा बाहेर आला, इकडेतिकडे न पाहता सरळ काकांच्या मागे लागला आणि त्याने त्यांना विहिरीपर्यंत नेऊन सोडलं.

"सतरा नंबर," विहिरीच्या कट्ट्यावर उभे राहून काका धापा टाकत म्हणाले. "बघितलंत? सतरा नंबर खरा आहे."

"तुम्हांला नंबर बरे पाठ आहेत," तांडेल म्हणाला.

काका परत येईपर्यंत घड्याळाचे दोन्ही काटे गळून पडले होते. मावशींनी ते उचलून कनवटीला लावले.

बुधवार उजाडला. दुपार झाली. गावात आता चालणारं घड्याळ एकच उरलं होतं, काकांच्या मनगटावरचं. चाराला पाच कमी असताना काकू खाली आल्या. हातात वहाणा. ओसरीवर तांडेल होता, मावशी होत्या, म्हातारबुवा होते, आणि मध्ये सतरंजीवर वीस घड्याळांच्या आतड्यांत काका.

"किती वाजले?" काकूंनी विचारलं.

"अगं, पाच मिनिटं..."

"मी थांबते."

काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मशीनवर बसायच्या तशाच बसल्या होत्या, दोन्ही पाय जवळजवळ, एक किंचित पुढे. पाचही मिनिटं काका काटा बघत होते, आणि खरं सांगायचं तर एवढी पाच मिनिटं त्यांना पुरेशी होती, उठायला आणि हात द्यायला. ते उठले नाहीत. नऊ नंबरने त्यांना खाली धरून ठेवलं होतं.

चार वाजले.

"मावशी," काकू म्हणाल्या, "हे घड्याळजी नाहीत. हे चौकशीच्या खिडकीत बसतात. तेवीस नंबर यांनी लिहिलाय. नऊही यांनीच लिहिलाय, आणि त्या नऊपायी मी सहा दिवस समुद्राचा नुसता आवाज ऐकतेय. आता यांचं काय करायचं ते तुम्ही करा, पण आधी कुणीतरी मला हात द्या."

म्हातारबुवांनी हळूच हात पुढे करून आपली दोन्ही घड्याळं उचलून घेतली.

मावशी उठल्या आणि आत गेल्या. आतून फळी सरकल्याचा आवाज आला, मग डबा उघडल्याचा. काकांनी सुटकेच्या सगळ्या वाटा नजरेने तपासल्या; एका वाटेवर कोंबडा उभा होता. मावशी बाहेर आल्या, त्यांच्या हातात एक पत्र्याचा डबा होता. त्यातून त्यांनी काही कागद काढले आणि काकांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवले.

"हे अक्षर तुमचं का?"

काकांनी पाहिलं. कचेरीचे फॉर्म होते, पाच. पाचांवर 'अपूर्ण' असा शिक्का. पाचांखाली वळणदार अक्षरात 'तक्रार स्पष्ट लिहावी'.

"माझं," काका म्हणाले. ही त्या आठवड्यात त्यांनी सांगितलेली पहिली खरी गोष्ट.

"एक कंपाउंडर यायचा," मावशी म्हणाल्या. "दर वर्षी, एकटाच. पिशवी एक. परत गेला की तुमचा फॉर्म भरायचा, आणि तुम्ही तो परत पाठवायचात. मग पुढच्या वर्षी तो फॉर्म घेऊन यायचा आणि मला दाखवायचा. म्हणायचा, मावशी, मी यंदाही नापास. फार हसायचा. मीही हसायचे." त्यांनी पहिला फॉर्म पुढे सरकवला. "वाचा."

काकांनी वाचलं. तक्रारीच्या रकान्यात बारीक, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारख्या अक्षरात लिहिलं होतं:

'तक्रार नाही. चार वाजून दहा मिनिटांनी दुकानामागच्या खडकावर बसावे. पाय पाण्यात सोडावेत. त्या वेळी पाणी कोमट असते. खडक टोचतो, म्हणून दुकानातल्या बाईंकडून कांबळे मागून घ्यावे. त्या देतात.'

दुसऱ्या फॉर्मवर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर शेवटी एक वाक्य जास्त होतं: 'घड्याळ बंद पडले आहे, पण योग्य वेळेवर पडले आहे.' पाचव्यावर पुन्हा एक भर: 'आपल्या शेऱ्यानुसार तक्रार शोधली. मिळाली नाही. क्षमस्व.'

आता इथे जरा थांबू या. काकांना हसायला आपल्याला काही लागत नाही. पण देवाच्या दारात उभं राहून आपण तरी कुठला रकाना भरतो? पाऊस जास्त झाला, गुडघा दुखतो, पोरगं ऐकत नाही. 'तक्रार नाही, पाणी कोमट होतं' असं लिहून दिलेलं कुणी पाहिलंय का? तसं कुणी लिहिलं असतं तर देवाच्या सगळ्या पत्रकांची भाषा बदलली असती.

काकांची वाकडी मान त्या कागदांवर हळूहळू सरळ झाली. "आता कुठे असतो तो?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली, आला नाही. बोट लागली की मी पायरीवर येऊन उभी राहते. हातात पत्रक नसलेला कुणी उतरतो का बघते." मावशींनी कागद गोळा केले. "सगळ्यांना वाटतं मी गिऱ्हाईक बघते."

मग त्यांनी आतून एक जाडं, राखाडी कांबळं आणलं आणि काकांच्या खांद्यावर टाकलं. "चार वाजून गेलेत. बायकोला घेऊन जा. शिक्षा आल्यावर."

उतरण सोपी नव्हती. काका पुढे, काकूंचा एक हात त्यांच्या खांद्यावर, एक खडकावर. मध्ये एकदा काकूंचा गुडघा बोलला, तेव्हा काकाही थांबले आणि तो गप्प होईपर्यंत उभे राहिले. खाली खडकाला बसण्याएवढी सपाट जागा होती, बाकासारखी. कांबळं अंथरलं. काकू बसल्या आणि त्यांनी पाय सोडले.

पाणी घोट्यांच्या वर आलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"कसं वाटतंय?" बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं.

"मशीन बंद केल्यासारखं," काकू म्हणाल्या.

काकांनी मग इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचेही पाय सोडले. पाणी खरोखर कोमट होतं. सव्वीस वर्षांत हे त्यांच्या खिडकीतून एकदाही आत आलं नव्हतं. म्हणजे पाचदा आलं होतं आणि पाचदा शिक्का मारून बाहेर गेलं होतं. ते याच विचारात असताना एक जराशी मोठी लाट आली आणि त्यांची डावी चप्पल उचलून घेऊन गेली.

"बघ," काका म्हणाले. "नऊ नंब..."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. काका गप्प बसले. दोघं मिळून चप्पल दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.

काका एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल असे उड्या मारत दुकानात परतले, तेव्हा मावशी पायरीवर होत्या. त्यांनी काकांच्या पायांकडे पाहिलं आणि हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या, सगळे दात दिसले, ती दाढसुद्धा. काकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण कुठल्या फॉर्मवर लिहिणार?

शिक्षा म्हणून त्यांनी एक काम करायचं होतं. मावशींनी कनवटीचे दोन्ही काटे काढून दिले. काकांनी सूचना छत्तीसची डिंकाची बाटली आणली आणि काटे घड्याळाला चिकटवले, चार वाजून दहा मिनिटांवर, पक्के. आणलेल्या सामानातली ही एवढीच वस्तू उपयोगी पडली. बाकीचे डाग बेटावरच राहिले. फाटलेल्या निळ्या छत्रीच्या जागी कोंबड्यांना एक नवी मिळाली.

कचेरीत परतल्यावर काका साहेबांपुढे उभे राहिले. सगळं पत्रक बाद करावं आणि कंपाउंडरचं लिहिणं तेवढं छापावं, असं त्यांनी सांगितलं.

"छापलेलं खोडायचं नाही," साहेब म्हणाले. "हवं तर वाढवा."

तेव्हा काकांनी वाढवलं. तेवीस नंबरला आता तळटीप आहे: 'त्या दिवशी दाढ दुखत होती.' फॉर्मला चौथा रकाना आहे. त्याला नाव नाही, नुसती मोकळी जागा; साहेबांना वाटतं ती छपाईची चूक आहे. आणि पत्रकात सगळ्यांत शेवटी, आठव्या घडीच्या आत, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, बेचाळिसावी सूचना आहे, कंपाउंडरच्याच शब्दांत. तिथपर्यंत अजून कुणी कागद उघडलेला नाही. आणि उघडला असलाच तर त्याने तक्रार केलेली नाही, त्यामुळे काकांना कळायला मार्ग नाही.

काकूंचं ऑपरेशन झालं. त्या आता काठी घेऊन चालतात. मशीनवर अजून बसत नाहीत, पण बसल्या बसल्या कधी कधी दोन्ही पाय जरासे पुढे सोडतात.

तर मंडळी, त्या बेटावर कधी गेलात तर पिशवी एकच न्या आणि पत्रक खिशात ठेवा, हातात नको. मावशी पायरीवर उभ्या असतील. कांबळं मागून घ्या, त्या देतात. आणि पाय पाण्यात सोडलेत, पाणी कोमट लागलं, म्हणजे पाच वेळा नापास झालेल्या त्या कंपाउंडरची एकदा आठवण काढा. तो जिथे असेल तिथे त्याला तेवढं पोचेल. चपला मात्र मागे ठेवा. नववी सूचना, काही म्हणा, थोडी खरी आहे.